सुलतानबीची दगडी वाटी

कुरुंदवाडच्या जुन्या कबरस्तानात शिंप्याच्या दगडावर कात्री कोरलेली, सुताराच्या दगडावर करवत. सुलतानबी सुईणीच्या दगडाला मात्र पाखरांच्या पाण्यासाठी वाटी होती.

एका नागपंचमीला तानाबाईची लेक जन्मताना आडवी आली, तेव्हा सुलतानबीनंच मायलेकींना वाचवलं होतं. म्हणून दर पंचमीला तानाबाई त्या वाटीत नदीचं पाणी ओतायची.

आज ओतलेलं पाणी बोटाला कोमट लागलं.

"दगुड तापला आसंल की," ट्रान्झिस्टर कानाशी धरून राखणदार मौलाली म्हणाला.

सूर्य तर चार दिवस दिसला नव्हता.

वाटीतनं वाफ निघू लागली. बाळंतपणाला आली की सुलतानबी उंबऱ्यातनंच ओरडायची, "आदी पाणी तापाय ठेवा!"

"लई उपकार झालं, मावशी," म्हणत तानाबाईनं दगडावर कपाळ टेकलं आणि ती घराकडं पळत सुटली.

पंचमीला माहेरी आलेल्या लेकीला आत्ता कुठं सातवा लागला होता.