त्रुटीसाहेबांची पसंती

खेकडा नापास झाला तो घराच्या मुद्द्यावर.

दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो, म्हणजे स्वतःचं असं काही नाहीच, असं त्रुटीसाहेबांनी नोंदवलं. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाई प्रामाणिक होत्या. शंख अपुरा पडला तर तो कधीकधी जिवंत गोगलगाय मारून तिचाही बळकावतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्रुटीसाहेबांनी लेकीकडे असं पाहिलं, की जणू खेकड्याचं स्थळ तिनेच आणलं होतं.

ते एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले होते. सबंध नोकरीत त्यांनी एकही कागद पहिल्या फेरीत मंजूर केला नाही. प्रत्येक कागद ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा’ असा शेरा घेऊन परत जायचा. खात्याने त्यांना हे नाव दिलं आणि निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ते घरी आलं.

आता प्रश्न होता बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा. मासे त्रुटीसाहेब सांभाळत, म्हणजे त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत. तळाची वाळू लेक सांभाळायची. दर रविवारी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती नळीने शेवाळ आणि उरलंसुरलं खाणं ओढून काढायची. तिला परगावच्या एका कॉलेजातून शिकवायला बोलावणं आलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वाळू साफ ठेवणारा एखादा प्राणी मिळाला की मी जाईन, असं ती म्हणाली होती. त्रुटीसाहेब म्हणाले होते, मग शोधू की. तेव्हापासून ते शोधतच होते.

समुद्रकाकडी लेकीला आवडली. वाळू गिळते, त्यातली घाण पचवते, स्वच्छ वाळू मागे सोडते. त्रुटीसाहेबांनी विचारलं, मेली तर? बाई म्हणाल्या, मग पाण्यात विष उतरू शकतं, मासेही जाऊ शकतात. नामंजूर. एक मासा तोंडात वाळू भरून कल्ल्यांतून गाळत होता आणि शेजाऱ्यांच्या अंगावर सांडत होता. हा साफ करतो की पसरतो, असं विचारून त्यालाही परत पाठवण्यात आलं. वाळूतल्या गोगलगाई दिवसभर दडून बसतात आणि खाण्याचा वास आला की वर येतात, हे कळल्यावर त्रुटीसाहेबांना आपल्या खात्यातले बरेच जण आठवले.

राहिला तारामासा. मातकट रंगाचा, वाळूत अर्धा रुतलेला. आवाज नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, काम मात्र अखंड. त्रुटीसाहेब काचेला नाक लावून बराच वेळ खोट शोधत राहिले. सापडेना, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला.

“याच्यात काय वाईट आहे?” त्यांनी शेवटी बाईंनाच विचारलं.

“याच्यात काही नाही, काका. तुमची टाकी लहान पडेल. वाळूतलं खाण्यासारखं सगळं हा संपवतो आणि मग उपाशी राहतो. लोकांच्या ते ध्यानातच येत नाही. हा काही काचेवर येऊन तक्रार करत नाही, आणि वाळू दिसते लख्ख. सगळे खूष असतात.”

“मग त्याचं करायचं काय?”

“वेळेत मोठ्या पाण्यात सोडायचा.”

त्रुटीसाहेबांनी तारामाशावरची नजर काढली. शेजारी लेक उभी होती. दुकानाच्या काचेवर त्यांच्या श्वासाचा डाग पडला होता आणि तो ती ओढणीच्या टोकाने पुसत होती. काच दुसऱ्याची होती.

“गोगलगाई द्या,” ते म्हणाले.

बाईंनी आठवण करून दिली, की त्या फक्त जेवायच्या वेळी येतात. येऊ देत, मीही तेव्हाच येतो, असं त्यांनी सांगितलं.

गोगलगाईंची पिशवी भरून झाली. लेकीने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, की या फारच लहान आहेत. कोपऱ्यातलं शेवाळ यांच्याने निघायचं नाही. शिवाय बाबा माशांना खाणं जास्त घालतात. निदान या रुळेपर्यंत तरी थांबायला हवं. कॉलेजला ती तसं कळवेल. पुढच्या वर्षी बघता येईल.

कारणं रास्त होती. तिची कारणं नेहमीच रास्त असत. आधीची बोलावणी तिने अशीच परत पाठवली होती, एकदा आईच्या आजारपणात, एकदा बाबांच्या गुडघ्यापायी. त्रुटीसाहेबांनी आयुष्यात न तपासता मंजूर केलेलं तेवढंच.

त्यांनी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली.

“त्रुटी काढायचं खातं माझं आहे,” ते म्हणाले. “तू फोन लाव.”