करंटराजाचा सल्ला

हुदाने हिरवं बटण पुन्हा दाबलं. मोटर नुसतीच घुमली, पंखा जागचा हलला नाही, आणि थोड्या वेळाने पॅनेलमधून खट्‌ आवाज येऊन सगळं बंद पडलं.

"आता दाबू नको," गनीचाचा म्हणाले. "जळेल ती."

तळ्यातली कोळंबी कडेला येऊ लागली होती. दिवसभर आभाळ भरलेलं होतं, खाडीवर वारा नव्हता. पंख्याने पाणी घुसळलं नाही, तर त्यातला प्राणवायू रात्रीत संपणार आणि उजाडताना सगळं पीक तरंगताना दिसणार. हुदा प्राणिशास्त्र शिकली होती. पाण्याचं तिला कळत होतं, पॅनेलचं नाही. पॅनेल उमेर बघायचा.

तळं उमेरचंच, तिच्या भावाचं. तो कतारला गेल्यावर तिने ते हट्टाने चालवायला घेतलं. हे पीक हातचं गेलं तर तळं दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं, असं त्याने जाताना बजावलं होतं. आता तो ड्यूटीवर होता, फोन बंद. वायरमन सागर देवरूखला लग्नाला गेलेला, वरातीच्या बाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं.

उरला पॅनेल कट्टा. मोटरी आणि पॅनेलवाल्यांचा हा मराठी फोरम. माणसं जाणकार, पण नवख्याला उभं करत नसत. हुदाने पूर्वी एकदा मीटर कसा लावायचा ते विचारलं, तेव्हा हा बालवर्ग आहे का, असं उत्तर आलं होतं.

तरीही तिने लिहिलं. थ्री फेज मोटर घुमते, फिरत नाही, मग ट्रिप होते. काय तपासू?

एकाने हसणारे चेहरे टाकले. दुसऱ्याने मोटरीला गाणं शिकवा म्हणून सुचवलं. अलोऱ्याचे भिकाजीकाका, वीज प्रकल्पात जन्म गेलेला माणूस, त्यांनी एकच ओळ लिहिली, "हे शंभरदा सांगून झालंय, आधी शोधा, मग विचारा." हुदाने शोधलं. जुन्या चर्चांमध्येही तीच ओळ होती.

नंतर कुणीच बोललं नाही.

"मी पाणी बघून येते," ती म्हणाली. प्राणवायू मोजायचा मीटर घेऊन ती बांधावरून पलीकडे गेली. बराच वेळ चाचांना तिची पाठच दिसत होती.

परत आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. प्राणवायू आणखी उतरला होता.

"कुणी काय बोललं का गो?"

तिने वाचून दाखवलं. करंटराजा नावाच्या सदस्याने लिहिलं होतं, "सोपं आहे. ओव्हरलोड रिले काढून फेका आणि मोटर थेट जोडा. मी आयुष्यभर अशाच चालवल्यात. भिकाजीकाकांनी त्यांचं पुस्तक रद्दीत घालावं."

चाचांनी लगेच पक्कड उचलली. "मग बसलीस काय? चल."

"थांबा, चाचा."

"कशाला? तो सांगतोय ना."

ती पॅनेलच्या आडवी उभी राहिली. चाचांचा आवाज चढला. त्यांनी हयात जहाजावर काढली होती, बिघाडासमोर हात बांधून बसलेली माणसं त्यांना सहन होत नसत. "कोळंबी वर येतेय, हुदा. वाट कुणाची बघतेस?"

"थोडंच थांबू."

तळ्यात बुडबुडे फुटल्यासारखे बारीक आवाज येऊ लागले. चाचा तिच्याकडे बघत राहिले, पक्कड हातातच.

मग फोन वाजला आणि वाजतच राहिला. रिले काढला तर मोटर जळेल, आग लागेल, असं चौघापाचांनी एकदम लिहिलं होतं. त्यांच्या पाठोपाठ भिकाजीकाकांचा भला मोठा मजकूर आला. "ताई, त्या गाढवाचं ऐकू नका. मी फोन ठेवून जेवायला बसलो होतो, हे वाचून उठलो. तुमचा एक फेज येत नाहीये. मेन बंद करा. मी सांगतो तसंच करा."

ते सांगत गेले, हुदा करत गेली. हात कोरडे करायचे, पायाखाली रबराची चटई, मीटर या खुणेवर, आधी इथे टोचायचं, मग तिथे. मेन स्विचपाशी तिन्ही फेज नीट होते. पॅनेलमध्ये एक गायब. मेन पुन्हा बंद करून तिने टॉर्च आत धरला. एका स्क्रूखालची वायर खाऱ्या हवेने हिरवी पडून जळाली होती. जळकं टोक कापलं, तार साफ केली, स्क्रू आवळला.

हिरवं बटण दाबताना तिने डोळे मिटले.

पंखा फिरला. पांढरं पाणी उसळून तळ्यावर पसरलं. चाचा बांधावरच खाली बसले.

फोरमवर अभिनंदन चालू झालं. अ‍ॅडमिन अनिल याने जाहीर केलं, की जीवघेणे सल्ले देणाऱ्या करंटराजाला बाहेर काढलं आहे. पुढे हुदासाठी लिहिलं, "ताई, आता बिनधास्त विचारत जा. कट्टा नवख्यांसाठीच आहे."

"भली माणसं गो," चाचा म्हणाले. "तो हरामखोर तेवढा सोडून. तू थांबवलं नसतंस तर मी जाळलीच असती मोटर."

"हो," हुदा म्हणाली.

चाचा नमाजला गेले. तिने एकदा प्राणवायू मोजला. आकडा चढत होता. मग ती पंख्याच्या आवाजात बांधावर बसली आणि फोन उघडला.

'करंटराजा, नियमभंगामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.'

हुदाने ती सूचना पुसली, 'नवीन खातं' दाबलं, आणि क्षणभर विचार करून नाव टाइप केलं : मोटरसम्राट.