शेंडी बाहेर राहिलेला रोल

लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर आधी आई उमटली, मग तिच्यामागची गोदामाची पांढरी पत्र्याची भिंत. इथवर सगळं ठीक होतं. मग आईच्या शेजारी एक फ्रॉक उमटू लागला.

फोटोग्राफरच्या हातातला चिमटा जागच्या जागी राहिला. गेल्या आठवड्यात तिनं आईला जुन्या गावी नेलं होतं. म्हणजे गाव होतं तिथं. आता नुसती गोदामं. घराच्या जागेवर उभं करून तिनं आईचा फोटो काढला. आई डावा हात अंगापासून जरा लांब धरून उभी होती. "हात असा काय धरलायस गं, पिशवी आहे का त्यात?" म्हणून तिनं आईची चेष्टाही केली होती.

"आलं का गं काही?" स्टुलावरून आईनं विचारलं.

फोटोग्राफरला आता उलगडलं. रोल बाबांच्या पेटीत सापडलेला. फिल्मची शेंडी, म्हणजे सुरुवातीचं टोक, डबीबाहेर, म्हणून तिनं तो कोरा समजून कॅमेऱ्यात भरला. बाबा वापरलेल्या रोलचीही शेंडी बाहेरच ठेवायचे, धुताना सोपं पडतं म्हणून. आईनं हे शंभरदा सांगितलेलं. नेमकं त्याच दिवशी डोक्यातून गेलं. बाबांनी शेवटचे फोटो काढले ते गाव सोडायच्या सकाळी. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. त्याच दुपारी, निघालेल्या गर्दीत, आईच्या हातातून ताईचा हात सुटला होता, तो कायमचाच.

ताई सहा वर्षांची. अजूनही सहाचीच; इकडे धाकट्या बहिणीचे, हिचे, केस पिकले. ताईचा फोटो मिळावा म्हणून धाकटीनं साऱ्या नातेवाइकांचे अल्बम उलथेपालथे केले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि हल्ली आई सारखी म्हणायची, "तिचा चेहराच आठवत नाही गं."

आई उठून ट्रेपाशी आली. एकाच फिल्मवर दोन सकाळी बसल्या होत्या. फ्रॉक आला, गुडघे आले, दाराची चौकट धरायला लांबवलेला हात आला. चेहरा आला नाही. तो नेमका पत्र्याच्या उन्हात तळपणाऱ्या भागावर पडला होता. तिथं कागद पांढराफटक.

"आई, मी पुसलं गं तिला. मीच." तिला रडू फुटलं.

आई खाली वाकली. दाराची चौकटही पत्र्यानं गिळली होती. तो चिमुकला हात आता आईच्या डाव्या हातात होता, अगदी बोटात बोट.



"आई," फोटोग्राफरनं हळूच विचारलं, "त्या दिवशी तू हात असा का धरला होतास?"

"मी कुठं धरला?" आई म्हणाली. "तिनं धरला होता."