बटणाचा आवाज

"बटण काढू नका, मिस्त्री. दिसायला ते तिथंच हवं," बाप खालच्या आवाजात म्हणाला. "फक्त गाडी माझ्या रिमोटवर चालली पाहिजे. आणि हे तिला कळता कामा नये."

मिस्त्रीने दाराबाहेर पाहिलं. सात वर्षांची पोर चाकांच्या खुर्चीत मान एका अंगाला टेकून बसली होती आणि पायरीवर अंग चाटणाऱ्या मांजरीला काहीतरी सुनावत होती.

मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्या मिस्त्रीकडे रोजच येत. बहुतेक बापांचं एकच मागणं, गाडी जोरात पळावी. बॅटरी मोठी टाका, मोटर बदला, भोंगा खऱ्या ट्रकचा बसवा. हौसेला मोल नसतं. ही लाल जीप मात्र उलट्या वाटेने येत होती. आधी पायातलं पेडल काढून त्याच्या जागी स्टिअरिंगवर बटण आणलं. हात उचलेनासा झाला तेव्हा ते बटण डोक्यामागच्या उशीत, गालाशी बसवलं. वळवायचं काम बाप मागून दांडीने करी. सुरू करणं आणि थांबवणं तेवढं पोरीचं. मग बटणातली स्प्रिंग बदलून मिळेल तेवढी नरम टाकली. आता त्या नरम स्प्रिंगपुढेही पोरीची मान हरली होती.

"याहून हलकं बटण बघू का एखादं?"

"तुम्हीच म्हणालात ना मागे? याहून हलकं केलं तर मान नुसती डुलली तरी गाडी सुटेल म्हणून."

मिस्त्री म्हणाला होता खरा. "पण भाऊ, पोरीशी असं खोटं..."

"तिला उभं राहता येत नाही. घास मी भरवतो. कूस मी बदलतो. 'गाडी मी चालवते', एवढं एकच ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. तेही मीच काढून घेऊ?"

मिस्त्रीने सीट उचकटली, रिमोटची डबी खाली बसवली आणि तिची वायर पट्टीआड लपवली. वायरी त्याने आजवर पुष्कळ लपवल्या होत्या, पण त्या दिसायला वाईट म्हणून.

गाडी अंगणात आली. बापाने पोरीला उचलून सीटवर ठेवलं, पट्टे आवळले, उशी नीट केली.

"काय ड्रायव्हरसाहेब, लायसन आणलंय का?" मिस्त्रीने विचारलं.

"मिस्त्रीकाका, दर वेळी तोच जोक?"

"बरं, मग आरसा तरी बघा."

आरसा हा तिचाच हट्ट. जीपला आधी आरशाचं नुसतं चित्र होतं. "मागून कोण येतंय ते कळायला नको?" असं म्हणून तिने मिस्त्रीकडून स्कूटरचा खरा आरसा लावून घेतला होता.

"दिसतोय. अख्खा बाबा दिसतोय," ती म्हणाली.

बाप मागे उभा राहिला. एक हात दांडीवर, दुसरा खिशात. मिस्त्री पुढे उकिडवा बसला, गाडी सुटलीच तर धरायला.

पोरीने मान कलती केली. गाल बटणाला टेकला. दाबलं गेलं की त्या बटणाचा टक् असा आवाज व्हायचा, अंगणभर ऐकू जायचा. आता आवाज झाला नाही. गाडी मात्र चालू लागली.

"अरे वा! बघ, जमलं की नाही तुला!" बाप नको तेवढ्या मोठ्याने म्हणाला.

पोर हसली नाही. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून बटणाकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं, बराच वेळ. मग मिस्त्रीकडे. मिस्त्रीला नेमका तेव्हाच हातातला पाना पुसावासा वाटला.

"काका, बटण नीट केलंत ना तुम्ही?"

"केलं की."

"मस्त झालंय," ती म्हणाली. "बाबा, परत."

या खेपेला टक् झालं आणि गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा टक् झालं. बापाने घाईघाईने अंगठा उचलला. गाडी थांबली.

बाप दांडी सोडून धावत पुढे आला आणि मिस्त्रीला बाजूला ओढत कुजबुजला, "ऐकलंत? आवाज आला! तिने खरंच दाबलं, मिस्त्री. मान सुधारतेय तिची. हे काढूनच टाका." त्याच्या मुठीतून रिमोटचं टोक दिसत होतं.

मिस्त्री समोर बसला होता. बटण तसूभरही आत गेलं नव्हतं, हे त्याने पाहिलं होतं. पोरीचे ओठ किंचित उघडलेले आणि जीभ टाळूवरून सुटलेलीही त्याने पाहिली होती.

त्याने पोरीकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच पाहत होती. सांगू नका, असं इतकं स्पष्ट त्याला आजवर कुणी बोलूनही सांगितलं नव्हतं.

"असू द्या, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "एखाद्या दिवशी दमली तर लागेल." आणि त्याने बापाची मूठ त्याच्याच खिशाकडे लोटली.

"हो, तेही खरंच. दमली तर." बाप परत मागे गेला. पोरीला पाठमोरं पाहून त्याला आता धीर धरवेना. त्याने रिमोट खिशात सोडला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे पुसू लागला.

"चला, ड्रायव्हरसाहेब," मिस्त्री म्हणाला.

"एक मिनिट, काका." पोरीने गाल बटणाला टेकवला, जीभ टाळूला लावली आणि आरशात बघत, बापाचा हात खिशात जायची वाट पाहत राहिली.