पांढऱ्या बैलाचं इंग्रजी

इंद्रभान "हाऊएव्हर" म्हणाला आणि रिठदच्या पारावर सगळ्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

शेषरावनं ठेवली नाही. त्यानं ती चावली.

दोघं एकाच बाकावर बसून मॅट्रिक झालेले. शेषरावचं इंग्रजी स्वच्छ होतं. 'द बुलक इज व्हाइट. इट इज ओल्ड. इट वर्क्स.' प्रत्येक वाक्य आपापल्या खुंट्याला बांधलेलं. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, भांडणही नाही. इंद्रभान मात्र वर्षभर कारंज्याला कापसाच्या अडतीत राहिला आणि येताना वाक्यं जोडायचे शब्द घेऊन आला. हाऊएव्हर, देअरफोर, नेव्हरदलेस. बैल म्हातारा आहे, नेव्हरदलेस काम करतो. एका शब्दात बैलाची इज्जत राहिली.

आणीबाणीचे दिवस होते. लोक जपून बोलत. इंद्रभान इंग्रजीत बोले, म्हणून चालून जाई. पारावर कोणाला त्यातलं अक्षर कळत नसे. पण 'देअरफोर' आला की आता हा काहीतरी निकाल देणार, एवढं कळे, आणि म्हातारे टोप्या सरळ करून बसत.

त्या टोप्या पाहून शेषराव जळून जाई. त्याच्या बैलासाठी कधी कोणी टोपी सरळ केली नव्हती.

त्यात आसेगावच्या पुंजाजीचा निरोप फिरला. त्याची गंगू मॅट्रिक झाली होती आणि त्याला इंग्रजी बोलणारा जावई पाहिजे होता. शेषरावनं गंगूला एका लग्नात पाहिलं होतं. भर पंगतीत ती वाढप्याला म्हणाली होती, "भाजीत मीठ नाही." तेव्हापासून शेषरावला घरचं सगळं अळणी लागत होतं.

"इंद्रभानबी जाऊन राह्यला म्हणे पुंजाजीकडं," त्याची आई भागिरथा म्हणाली. "त्याचंच जमते, बाप्पा. त्याले जोडून बोलता येते."

"मंग मले काय तोडून बोलता येते?"

"तुले तेवढंच येते."

दुसऱ्या दिवशी शेषराव एस्टीनं कारंज्याला गेला आणि एका रिटायर मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसला. "मास्तर, वाक्यं नका देऊ," तो म्हणाला. "वाक्यं घरी हायेत. मले फक्त मधातलं द्या."

मास्तरांनी मधलं दिलं. ऑल्दो कुठं बसतो, मोरओव्हर कुठं, नेव्हरदलेस कोणाच्या पुढं येतो. शेषराव ते घेऊन गावी आला आणि महिनाभर घोकत राहिला. भाकर पाहिजे असली की 'मोरओव्हर', पोट भरलं की 'देअरफोर'. आई बिचारी अंदाजानं वाढायची. पण डोकं म्हणजे गोठाच. नवीन जनावर आत आलं की जुनं बाहेर निघतं. एवढं एक शेषरावच्या लक्षात आलं नाही.

पुंजाजीनं बोलावलेल्या दिवशी शेषराव त्याच्या ओसरीवर पोचला, तर इंद्रभान आधीच येऊन बसलेला. दाराशी गंगू ज्वारी निवडत होती.

"आधी कोण बोलते?" शेषरावनं विचारलं.

"एकेकटा कायले?" पुंजाजी म्हणाला. "मी बैलबी एकेकटा पाहत नाही. दोघाले जुपतो, दोन चकरा मारतो, मंग बोलतो. चाला, एकमेकासंग बोला."

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. शेषराव दात आवळून इंद्रभानच्या हाऊएव्हरची वाट पाहू लागला.

"द बुलक इज व्हाइट," इंद्रभान म्हणाला.

शेषराव दचकला. हा बैल त्याचा होता.

"काहून बे?" तो कुजबुजला.

"सारे म्हणतात, शेषरावचं इंग्रजी साफ हाय," इंद्रभान पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम होता. "महिनाभर जळून राह्यलो तुयावर. तुयंच पाठ करून आलो. आता मायं हाऊएव्हर आठोत नाही."

शेषरावला आनंद व्हायला हवा होता. त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःचं एक वाक्य शोधलं. गोठ्यात एकही बैल नव्हता. नुसती दावीच दावी.

"मोरओव्हर," तो म्हणाला.

"इट इज ओल्ड," इंद्रभान म्हणाला.

"नेव्हरदलेस..."

"इट वर्क्स."

"देअरफोर..."

"वी लव्ह इट."

कुठं धक्का नव्हता, कुठं ओढाताण नव्हती. एकानं पाऊल टाकलं की दुसऱ्याचं आपोआप पडत होतं. पुंजाजीनं नकळत टोपी सरळ केली.

"वा रे वा! काय चाल हाय!" तो म्हणाला. "सांग वं गंगू, यातला कोणचा घेऊ?"

दोघांनी श्वास रोखला. तोही एकदमच. गंगूनं ज्वारीतला खडा अंगणात फेकला आणि दोघांकडे नीट पाहून घेतलं.

"कोणचाच नको, बाबा," ती म्हणाली. "इतकी जमलेली जोडी कायले फोडता?"