मॉडरेटरताईंचा फोन

मॉडरेटरताईंच्या कीबोर्डवरची बाकी अक्षरं ठसठशीत होती. डिलीटच्या बटणावरची तेवढी झिजली होती. प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन फोरमवर सगळ्यांच्या अडचणी सोडवणारे जाणकार गुरुजी नवख्यांना टोमणा मारून पुढच्या प्रश्नाकडे वळत आणि ताई तो कुणी वाचायच्या आत पुसून टाकत. आचारसंहितेप्रमाणे बंदीच घालायला हवी होती. पण गुरुजी रुसून गेले, तर अडलेले प्रोग्राम सोडवणार कोण? आज ताई जेवायला उठल्या, तेवढ्यात "आधी बालवाडीत जा" हे उत्तर वाचून एका नव्या मुलीने फोरमच सोडला. ताईंनी गुरुजींना फोन लावला. "अहो, तीन वर्षं असंच बोलतोय. कुणी हूं की चूं केलं?" ते हसले. कोण करणार? आजच्या आधीचे टोमणे ताईंशिवाय कुणी वाचलेच नव्हते. पाठीमागून ताईंची बहीण म्हणाली, "बोलून टाक एकदाचं, माझे आई!" ताईंना स्वतःचंच हसू आलं. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "महिनाभर तुमचं लिहिणं बंद."