अंजिरं टिकत नाहीत

भांडारातला मोठा फ्रीज बंद पडला तो नेमका अंजिरं उतरली त्या सकाळी.

भांडार गल्लीतल्या घरांनी मिळून चालवलेलं. ज्याची पाळी त्याने गल्ल्यावर बसायचं. या आठवड्यात पाळी मास्तरांची होती. शाळा सुटून वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी फ्रीजवर दोन थापा मारून पाहिल्या, प्लग काढून पुन्हा लावला आणि मग क्रेटकडे बघत कपाळाला हात लावला. अंजिरं जांभळी, बुडाशी तडकेपर्यंत पिकलेली. संध्याकाळपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा. आणि ती पाठवणाऱ्या बागवालीला तर मास्तरांनी स्वतः शब्द दिला होता, ‘तुझं एक फळ वाया जाऊ देणार नाही.’

“जॅम,” ते स्वतःशीच म्हणाले. “दुसरं काही नाही.”

एवढ्या अंजिरांना पुरेल असं पातेलं गल्लीत एकच होतं, कोपऱ्यावरच्या घरात थोरल्या जावेकडे. आणि अंजिराचा जॅम हमखास जमायचा तो त्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेला. सासूबाईंच्या मागे त्यांचं पातेलं खाली राहिलं आणि त्यांच्या हाताची चव वर गेली, असं गल्ली म्हणायची. वाटणी झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मास्तरांनी दोघींना निरोप धाडला. एकीचं दुसरीला कळवलं नाही.

थोरली पातेलं कमरेवर घेऊन भांडाराच्या मागच्या आवारात आली, तर धाकटी आधीच शेगडी पेटवून बसलेली.

“मास्तर, तुम्हाला पातेलंच हवं होतं ना? हे ठेवलं. मी निघते.”

“निघता कशा? भरल्यावर हे उतरवणार कोण? माझी कंबर बघा जरा.”

थोरली बसली. दोघी सुऱ्या घेऊन देठ काढू लागल्या. देठाच्या चिकाने बोटं खाजायला लागली, तशी धाकटीने वाटीतलं तेल आपल्या हाताला चोळून वाटी मधोमध ठेवली. थोरलीने त्यात बोटं बुडवली, पण मान वर केली नाही.

“मास्तर, त्यांना सांगा, साखर आत्ताच पडू दे. फळाला पाणी सुटतं.”

“थोरल्या वहिनी, साखर...”

“ऐकलं मी, बहिरी नाही. त्यांना म्हणावं, आधी फळ शिजू दे. नाहीतर साली चामड्यासारख्या लागतात.”

“धाकट्या वहिनी, साली...”

“कळलं.”

असं बराच वेळ चाललं. इकडून तिकडे बघून मास्तरांची मान दुखायला लागली. तेवढ्यात पुढून कुणीतरी हाक मारली आणि ते सुटल्यासारखे गल्ल्याकडे पळाले.

आवारात दोघीच उरल्या. पातेल्यात बुडबुडे फुटत होते. धाकटी ढवळत होती, थोरली बरण्या पुसत होती, मधेच पातेल्याकडे बघत होती. जॅम दाटत आला, उडायला लागला आणि एक थेंब धाकटीच्या मनगटावर बसला. तिच्या हातातून डाव सुटला.

“अगं ढवळ, खाली लागतंय!”

“भाजलं ना ताई! ढवळू कशी?”

थोरली उठलीच. एका हाताने तिने डाव धरला आणि दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट ओढून नळाखाली लावलं. नळ शेगडीला लागूनच होता, म्हणून निभावलं.

“एवढा स्वयंपाक करतेस, अजून चटके खातेस. लांब दांड्याचा डाव घ्यायला काय होतं?”

“लांब दांड्याचा तुमच्याकडे गेला, वाटणीत.”

डाव पातेल्यात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

“मग मागायचास. एक जिना तर उतरायचा होता.”

“तोच तुम्हाला चढता येत नव्हता?”

नळाचं पाणी वाहत राहिलं. थोरलीने धाकटीचं मनगट उजेडाकडे वळवून नीट पाहिलं, लाल झालेल्या जागेवर हलकेच फुंकर घातली.

“फोड नाही येणार,” ती म्हणाली. मग एकदम, “लिंबू घातलंस का?”

“लिंबू शेवटी.”

“शेवटी? सासूबाई शेवटी कधी घालायच्या?”

“नेहमी!”

“काहीतरीच सांगू नकोस. साखर विरली की लगेच घालायच्या. मी शेजारी उभी असायचे.”

“तुम्ही उभ्या असायच्या, पण पिळायला त्या मला सांगायच्या!”

मास्तर परत आले. निरोप पोचवायला तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे कुणी बघेना. ते आल्या पावली मागे फिरले आणि आवाराचं दार हळूच ओढून घेतलं.

ऊन कलल्यावर थोरलीचा नवरा बायकोला शोधत भांडाराशी आला. पायरीवर त्याला धाकटा भाऊ भेटला, तोही त्याच कामाला आलेला. वाटणीपासून हे दोघेही कामापुरतंच बोलत. आतून बायकांचे चढलेले आवाज येत होते. एक म्हणत होती, झाकणं गरम असतानाच लावायची. दुसरी म्हणत होती, मग वाफ धरून बुरशी येते, ती काय तुम्ही खाणार?

थोरला घाबरला. “अरे, जुंपली यांची. आत जायला हवं.”

धाकट्याने कान देऊन ऐकलं. मग भिंतीशी रचलेल्या रिकाम्या क्रेटमधला एक उपडा घातला, फुंकर मारून धूळ उडवली आणि भावापुढे सरकवला.

“बस, दादा,” तो म्हणाला. “किती दिवसांनी भांडतायत. भांडू दे पोटभर.”